तिसरं नाव

आठवा महिना, पौर्णिमेनंतर

राजधानीहून आलेलं फर्मान आज कचेरीच्या अंगणात मी वाचून दाखवलं. अंमलदारसाहेबांचा घसा बसला होता म्हणे. खरं कारण असं की त्यातल्या निम्म्या शब्दांचा त्यांना अर्थ लागत नव्हता, आणि गावात म्हाताऱ्या गुरुजींच्या शिकवणुकीवर चार शब्द बोलू शकणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. तीन वेळा परीक्षेत नापास झालेल्या माणसाला एवढा तरी मान मिळायला हवा.

साहेबांनी विचारलं, फर्मानात म्हाताऱ्या गुरुजींना दिलेल्या या पदवीचा अर्थ काय? मी सांगितला. 'परमोच्च' म्हणजे ज्यांच्या वर कोणी नाही. 'आद्य अखंड' म्हणजे आकाश, जमीन, माणूस असं काही वेगळं होण्याआधी जे एकजीव होतं, तिथले. 'श्रेष्ठगुणी' म्हणजे ज्यांचे गुण इतके मोठे की ते दाखवायची गरज पडत नाही. आणि शेवटी 'सम्राट', कारण त्याहून मोठं आपल्याला दुसरं काही देता येत नाही. लोक त्यांना लाओत्से म्हणतात, म्हणजे नुसतं 'म्हातारे गुरुजी'. माणसांना कंटाळून जे बैलावर बसून खिंडीपलीकडे निघून गेले, त्यांच्यामागे आपण हजार-दीड हजार वर्षांनी मुकुट घेऊन धावतो आहोत. हे शेवटचं वाक्य अर्थात मी मनात म्हटलं.

फर्मानाचा मुद्दा पुढेच आहे. या थोर पुरुषाची नावं तीन. अर, म्हणजे कान. बोयांग, हे प्रौढपणी घेतलेलं. आणि मेल्यावर मिळालेलं तिसरं, त्याचा अर्थ लांब कानांचा. हल्ली कोणीही उपटसुंभ ही नावं लावून फिरतो, हा अपमान आहे, सबब आजपासून बंदी. तिसरं नाव वाचताना मी 'लांब कानांचे' असंच म्हणून पुढे गेलो. शाळेतही तसंच वाचतो, मुलांना अर्थ चटकन कळतो. त्या क्षणी अंगणातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या वाचनात अजून दम आहे.

गावातली नावं बदलण्याचं काम माझ्याकडे आलं. मदतीला हौ कारकून. हा माणूस हसतो तेव्हा फक्त खालचा ओठ हलतो.

आठवा महिना, अखेर

नावं बदलणं हा मजेचा धंदा आहे. शिन बोयांग खाटीक सुरा घेऊनच आला. म्हणाला, "गुरुजी, काहीही ठेवा, पण लहान ठेवा. गिऱ्हाईक लांबून हाक मारतं." त्याचं 'शिन आन' केलं. आन म्हणजे शांत. डुकरांचं मत कोणी विचारलं नाही.

नदीकाठच्या एका नावाड्याच्या बापाचं नाव अर. बाप आजारी, म्हणून मुलगा आला. नाव काय, असं हौनं विचारलं तर मुलगा गप्प. बापाचं नाव पोटच्या पोराने कसं घ्यायचं? शेवटी पोराला फाटकाबाहेर उभं केलं आणि शेजाऱ्याने नाव सांगितलं, कारण पोराच्या देखत शेजारीही ते घेईना. या गावात अजून रीतभात शिल्लक आहे हे पाहून बरं वाटलं.

सगळ्यांत शेवटी फांग बोयांग आला, आमचा वैद्य. तीस वर्षं आम्ही त्याच्या ओसरीवर पट मांडून बसतो आणि तीस वर्षं तो माझ्या सोंगट्या खातो. मी त्याचं 'फांग नुओ' केलं, म्हणजे होकार. म्हटलं, वैद्यबुवा, दोन्ही नावांनी रोगी तेवढेच मरतील. तो हसला नाही. म्हणाला, "माझ्या आजीने ठेवलं होतं." आणि दगडाची ठेच लागल्यासारखा चालत गेला. पन्नाशी उलटली की माणसं आज्यांच्या बाबतीत हळवी होतात.

नवव्या महिन्याची नवमी

टेकडीवर साहेबांची मेजवानी. शेवंतीची दारू, खेकडे, आणि साहेबांच्या स्वतःच्या कविता. त्या सोसायला दारू कमी पडली.

साहेब म्हणाले, काम संपलं, आता वर काय कळवायचं? शेजारच्या तालुक्याने आपल्यापेक्षा जास्त नावं बदलली आहेत. मी तीन पेल्यांच्या पुढे होतो. म्हटलं, "जिवंत माणसं तर इथे, खाली राहतात. मेलेले तिकडे म्हाताऱ्या गुरुजींच्या शेजारी राहतात. तिथे तेच नाव लावून फिरणं जास्त उद्धटपणाचं नाही का?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला आणि हौकडे पाहिलं. हौचा खालचा ओठ हलला.

उतरताना साहेबांनी माझा हात धरला. विद्वान माणसाचं डोकं वेगळंच चालतं, म्हणाले. हिवाळी अयनाच्या आत गावातली प्रत्येक पितरांची पाटी आणि प्रत्येक थडगं तपासायचं. पुढच्या वर्षी माझं नाव प्रांताच्या शाळेसाठी कळवणार आहेत.

गंमत म्हणून बोललो होतो. पण गंमत कोणाच्या कामी आली तर ती आपली राहत नाही. प्रांताच्या शाळेला स्वतःचं ग्रंथालय आहे.

नववा महिना, पौर्णिमेच्या सुमारास

आज फांग वैद्य आला. पट मांडला नाही. बराच वेळ चहा ढवळत बसला. मग म्हणाला, तुझे वडील मला चांगले आठवतात. मी म्हटलं, आठवणारच, तुझ्या बापाच्या काढ्यावरच गेले ते. तो म्हणाला, "त्यांचे कान. केवढे लांब होते रे. जन्मल्यावर तुझ्या आजोबांनी आधी तेच पाहिलं असणार."

मी म्हटलं, लांब कान म्हणजे लांब आयुष्य असं म्हणतात, ते एकसष्टीतच गेले, तेव्हा तुमचं शास्त्र तपासून घ्या. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं नाडी न लागणाऱ्या रोग्याकडे पाहतो. दारापर्यंत जाऊन परत आला, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटून गेला. म्हातारा होत चाललाय.

आईचं वेगळंच. तिने वडिलांची पाटी ओसरीवरच्या देव्हाऱ्यातून काढून आपल्या खोलीत नेली. बायको म्हणते, त्यांना थंडी वाजते, सोबत हवी असेल. मी म्हटलं, पाटीची ऊब किती येणार? बायको हल्ली माझ्या विनोदांना भांडी घासायला उठते.

दहावा महिना, सुरुवात

शिन खाटीक गेला. बाजारात लांबून कोणीतरी जुन्या नावाने हाक मारली आणि त्याने मागे वळून ओ दिली. हाक मारणारा गर्दीत पसार झाला, ओ देणारा सापडला. साहेबांनी वीस फटके सांगितले. हाकेला एक आणि ओ देण्याला एक, असे दोन गुन्हे धरून चाळीस मारले. चार दिवस तापात होता.

त्याच्या पाटीवर मी दिलेलं नाव लिहिलं. आन. जेमतेम सव्वा महिना वापरलेलं, अजून कोरं करकरीत.

दहावा महिना, पहिलं बर्फ

आज हौबरोबर पाट्या तपासत फिरलो. पाटी म्हणजे दोन फळ्या, एकीत एक बसवलेल्या. बाहेरच्या फळीवर 'दिवंगत पिता' एवढंच असतं, ते सगळ्यांनी पाहावं. आतल्या खाचेत खरं नाव असतं, ते कोणी पाहायचं नसतं. पुरताना एकदा लिहितात, फळी मिटतात, संपलं.

च्यांगच्या विधवेकडे मी फळी उघडली. नाव अर. सुरीने खरवडलं, भुसा खाली पडला. ती बाई कणीक मळत होती, हात तसेच ठेवून बघत राहिली. मी नवं नाव लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. तिने विचारलं, "आज रात्रीची पेज कोण खाणार मग?" मी म्हटलं, तेच खातील बाई, माणूस तोच आहे. ती म्हणाली, "त्यांना कोण सांगायला गेलंय?"

मी फळी मिटली आणि सुरी पुसली.

गल्लीच्या तोंडाशी हौ थांबला. म्हणाला, "एक घर राहिलं, गुरुजी." मी म्हटलं, कोणाचं? तो माझ्याकडे बघत उभा राहिला. नाव घेता येत नव्हतं ना त्याला, माझ्या देखत.

मी हसायला सुरुवात केली होती. तोंड उघडं तसंच राहिलं.

सतरा वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने ते नाव त्या खाचेत लिहिलं होतं. त्यानंतर घेतलं नाही, लिहिलं नाही, कोणी माझ्यासमोर घेतलं नाही. लहानपणी धड्यात आलं तर वडिलांसमोर 'लांब कानांचे' म्हणायचं, ही सवय आजोबांनी लावलेली. दार इतकी वर्षं बंद होतं की मी त्याला भिंत समजायला लागलो होतो. आणि सगळ्या गावाला माहीत होतं. मी फर्मान वाचत असताना सगळं गाव खाली मान घालून उभं होतं.

दहावा महिना, दुसऱ्या दिवशी

साहेबांकडे गेलो. फर्मानात मेलेल्यांचा उल्लेख नाही, असं अगदी नम्रपणे सुचवून पाहिलं. ते म्हणाले, नाहीच, ती तुमची सूचना. वर कळवली, वरच्यांना फार आवडली. मग आपल्याच घराला सूट दिली तर लोक हसतील. हसण्याचं त्यांना फार भय आहे.

मी म्हटलं, मुलाने बापाचं नाव ठेवायचं म्हणजे बाप मुलगा होतो आणि मुलगा बाप. साहेबांना ते पटलं. म्हणाले, मग मीच ठेवतो, त्यात माझा मान. अयनाच्या आत करून टाका.

घरी येऊन आईला सांगितलं. सांगायची गरज नव्हती. पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिने उभ्या जन्मात वडिलांचं नाव उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही. कधी 'अहो', कधी 'घरातले', आणि गेल्यावर 'ते'.

म्हणाली, "अयन किती लांब आहे?"

मी म्हटलं, महिना आहे अजून.

"मग चालेल. मी तिकडे पोचेपर्यंत त्यांचं नाव राहू दे. तिथे काय ही गर्दी असेल. मी काय म्हणून विचारणार, लांब कानांचे कुठे राहतात?"

मी म्हटलं, तुला अजून दहा वर्षं काही होत नाही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी ताप असला की फिरवायची तसा.

दहावा महिना, अखेर

आईची भूक गेली आहे. बायको राळ्याची पेज ठेवते, आई ती पाटीपुढे ठेवते, आणि गार झाली की कोंबड्यांना घालते. फांगला बोलावलं. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, म्हणाला रोग काही नाही. मी म्हटलं, मग भूक का नाही? तो म्हणाला, "गुरुजी, तू एवढं शिकलास." एवढंच. औषध लिहून दिलं नाही.

वैद्याला रोग सापडला नाही की तो रोग्याच्या मुलावर घसरतो. उद्या शहरातून दुसरा वैद्य आणावा म्हणतो. आई काल विचारत होती, आज कोणता दिवस. तिला सणांची आवड पहिल्यापासूनच.

अकरावा महिना, अयनाच्या आधी

शहरचा वैद्य येऊन गेला. त्यानेही काही सांगितलं नाही, फक्त बायकोला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं आणि तिने मान हलवली. मग ती माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच मला माझ्या शिष्यासारखं समजावून सांगितलं. त्या जेवत नाहीत ते भूक नाही म्हणून नाही. अयनाच्या आत पोचायचं आहे त्यांना.

मी रात्रभर आईच्या खोलीच्या दाराशी बसलो. आत जाऊन काय म्हणायचं? जेव, मी पाटीला हात लावत नाही, असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. शिन खाटकाच्या पाठीवर मी औषध लावायला गेलो होतो. मला आठवत होतं, सदऱ्याला कातडं चिकटून आलं होतं ते.

अकरावा महिना, अयनाचा आदला दिवस

आई अजून आहे. श्वास मोजून घ्यावे लागतात.

दुपारी हौ दाराशी आला, साहेबांनी लिहून दिलेलं नाव घेऊन. आई झोपली होती. तिच्या हातातून पाटी सोडवताना बोटं एकेक उचलावी लागली. अंगणात नेऊन उघडली. माझंच अक्षर, सतरा वर्षांपूर्वीचं, आत्ताच्यापेक्षा चांगलं. खरवडलं. नवं लिहिलं. हौ शाईवर फुंकर घालायला वाकला, मी म्हटलं, ती मी घालतो.

परत हातात ठेवली तेव्हा तिने डोळे उघडले. विचारलं, "झालं का?"

मी म्हटलं, "नाही आई. उद्या आहे."

तिने पाटी छातीशी घेतली. म्हणाली, "बरं झालं. जमेल मग."

संध्याकाळी गेली.

त्याच संध्याकाळी, पुढे

मेलेल्याचं वस्त्र घेऊन कोणीतरी छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करून त्याला तीनदा हाक मारायची, आत्मा जवळपास असला तर परत यावा म्हणून. मुलाने चढायचं नसतं. फांग म्हणाला, मी चढतो.

छातीने तो पार कामातून गेला आहे. शिडीवर दोनदा थांबला. गल्लीत शेजारी जमले होते, हौ होताच. फांगने आईचा झगा उत्तरेकडे फडकवला आणि हाक मारली.

आईचं नाव नव्हतं ते.

माझ्या वडिलांचं होतं. खरं, खाचेतलं. माझ्या देखत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं, त्याने तीनदा ते नाव घेतलं. दुसऱ्या हाकेनंतर खोकला आला, तो संपेपर्यंत थांबला आणि तिसरी मारली. मग म्हणाला, "तुमची बायको निघाली आहे. वेशीपर्यंत या. आधी ऐकलंत त्याच नावाने ती विचारेल."

माझ्याइतकंच त्यालाही माहीत होतं, पाटीत आता ते नाव नाही.

गेलेल्या बापाचं नाव कानावर पडलं तर मुलाने रडावं असा नियम आहे. शाळेत मी तो घोकून घेतो. आज मला नियमाची आठवण नंतर झाली.

उतरल्यावर फांगला कचेरीत नेलं.

अकरावा महिना, अयनानंतर

आज सुनावणी. चाळीस नव्हे, साठ फटके ठरणार, हे हौच्या ओठावर दिसत होतं. साठ कशाला, फांग विसातच संपला असता.

साहेबांनी हौला विचारलं, आरोपीने काय हाक मारली? हौ म्हणाला, बंदी असलेलं नाव. कोणतं? हौला ते उच्चारता येईना, उच्चारलं तर गुन्हा. गल्लीतल्या शेजाऱ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, वारा होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सगळी रात्र याच प्रश्नाचा विचार केला होता. म्हटलं, "त्याने माझ्या वडिलांना हाक मारली, साहेब. वेडं माणूस आहे, आईऐवजी वडिलांना. पण वडिलांच्या नावावर आता बंदी नाही. आपणच ठेवलं आहे ते."

साहेब म्हणाले, म्हणजे त्याने मी ठेवलेलं नाव घेतलं? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, कारकून वेगळं सांगतो. मग त्यांना काहीतरी सुचलं, म्हणाले, म्हाताऱ्या गुरुजींच्या मूर्तीपुढे शपथ घ्या. सांगा, तुमच्या वडिलांचं नाव काय, आणि ते याआधी कधी दुसरं काही होतं का.

फांगने तेव्हा वर पाहिलं. मान हलवली, नको म्हणून. मला समजलं, आणि पहिल्यांदाच वेळेवर समजलं.

मूर्तीचे कान खांद्यापर्यंत आहेत, कोणा कारागिराने हौसेने घडवलेले. मी तिथे गुडघे टेकले. माझ्या वडिलांचं नाव शुन, म्हणजे आज्ञाधारक. जन्मल्यापासून शुन. दुसरं नाव त्यांना कधीच नव्हतं. साहेबांना ते फार आवडलं. हौला ते लिहून घ्यावं लागलं.

फांगला सोडलं. बाहेर आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. एका हाताने भिंत धरून घरी गेला, आणि मी त्याच्यामागे काही अंतर ठेवून चालत गेलो, तो पडला तर असावं म्हणून.

घरी आईची पाटी लिहायला बसलो. तिच्या नावाशेजारी नवऱ्याचं लिहावं लागतं. मुलाच्या हाताला बापाचं नाव लिहिताना कंप सुटतो, मोठ्याने घेताना घसा दाटतो, असं म्हणतात. आज कचेरीत मी ते सगळ्यांसमोर मोठ्याने घेतलं. आत्ता लिहितोही आहे. शुन. शुन. शुन.

हात अगदी स्थिर आहे. डोळे कोरडे.